बाळकृष्णाचा अंगठा

छाणीच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये त्या रविवारी सकाळी दोनशे माणसं बसली होती आणि चारशे पाय उघडे होते. बडोद्यात इतके अंगठे एका ठिकाणी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहण्याची हौसही नाही. पिवळे, तपकिरी, जाडजूड, कडेने भुगा पडणारे, शिंपल्यासारखे वर उचललेले. माणसं एरवी पायाचं असं नख चपलेत लपवतात. इथे जो तो ते पुढे करून मिरवत होता. "माझं बारा वर्षांचं आहे," एक बाई शेजारणीला सांगत होत्या, जशी नातवाची इयत्ता सांगावी.

समोर चौरंगावर चरणसिद्ध महाराज बसले होते. भगवी कफनी, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ आणि पायांत पांढरेशुभ्र मोजे. मार्च संपत आलेला, वर पत्र्याचं छप्पर, आणि मोजे! मी शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या कुजबुजल्या, "महाराजांच्या नखांचं तेज उघड्या डोळ्यांना सोसत नाही."

मी पुन्हा मोज्यांकडे पाहिलं. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय रोजची एक माळ, असं माझं चाललेलं असतं. देवाशी जे बोलते ते मनातल्या मनात, आणि माणसांशी त्याहून हळू.

"नख म्हणजे काय?" महाराजांनी माइक तोंडाशी धरला. "नख म्हणजे अँटेना! तुमच्या गच्चीवर डिश आहे की नाही? केबलवाला लावून गेला ना? तशी देवाने दहा डिश तुमच्या पायांना लावल्या. वरून पितरांचा सिग्नल येतो. पितर नाराज, तर सिग्नल खराब. सिग्नल खराब, तर नख पिवळं! डॉक्टर म्हणतो बुरशी आहे. अरे, बुरशी पावाला लागते, लोणच्याला लागते. माणूस काय लोणचं आहे?"

लोक हसले. आमचे 'हे'ही हसले.

आमचे हे, म्हणजे दीनानाथ, रिफायनरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं तिथल्या मीटरांची आणि गेजांची देखभाल केली. देवधर्म माझा, विज्ञान त्यांचं, अशी आमच्या वासणा भागातल्या घरात वाटणी होती. माझ्या उपासाला ते 'साबुदाणा महोत्सव' म्हणत. पण तीस वर्षं लोखंडी टोकाचे जड बूट आणि घामाचे मोजे घालून उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं, आणि काही केल्या जाईना. त्यातून त्यांना साखरेचा विकार. त्यांची भाची ऋचा बडोद्यातच, अकोट्याला, त्वचेची डॉक्टर आहे. तिने पाहिलं आणि सांगितलं, "मामा, हे वर्षभराचं काम आहे. रोज औषध लावायचं, पाय कोरडे ठेवायचे, साखर ताब्यात ठेवायची. आणि घरी नखाशी काही खेळ करायचा नाही."

"वर्षभर?" हे म्हणाले होते. "वर्षभरात तर आम्ही अख्खा प्लँट उभा केला होता."

तेवढ्यात शेजारच्या हंबीररावांनी महाराजांची खबर आणली. हंबीरराव म्हणजे जुन्या सरदार घराण्यातले. मिशा अजून दरबारात असल्यासारख्या, पण बाकी सगळं पेन्शनवर. ते म्हणाले, "दीनानाथराव, भक्ती सोडा, तुम्ही नुसता प्रयोग बघायला चला. पाण्यात पाय घातला की दोष काळा होऊन बाहेर पडतो. या डोळ्यांनी पाहिलंय."

'प्रयोग' म्हटल्यावर आमचे हे विरघळले.

प्रयोग असा होता. विश्राम नावाचा महाराजांचा एक स्थूल, पन्नाशीचा शिष्य आधी माणसाचे पाय कापसाच्या बोळ्याने पुसायचा. बोळा एका बाटलीतल्या 'मंत्रजला'त बुडवलेला. मग समोरच्या पितळी परातीत तांब्याच्या कळशीतून 'चरणतीर्थ' ओतायचा. पाणी स्वच्छ, किंचित पिवळसर. माणसाने त्यात पाय ठेवायचा. महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि बघता बघता नखाच्या कडेने काळी रेघ सुटायची, पसरायची, आणि परातभर पाणी शाईसारखं काळं व्हायचं. लोक हात जोडायचे. काही बायका रडायच्या. "पितर गया!" विश्राम ओरडायचा. पितर नक्की कुठे गेले ते कोणी विचारत नसे.

आमची पाळी आली तेव्हा विश्रामने ह्यांचे पाय पुसले, परात मांडली आणि कळशी वाकवली. आता यात माझी चूक म्हणा की सवय म्हणा, तीर्थ दिसलं की माझा उजवा हात आपोआप पुढे होतो. लहानपणापासूनची सवय ती. मी तळहाताची पळी केली. विश्राम गोंधळला, पण त्याने ओतलं. मी ते प्यायले.

"अरे बेन, आ तो पग माटे छे!" तो म्हणाला. हे पायांसाठी आहे म्हणे.

"असू दे," मी म्हटलं. "तीर्थ ते तीर्थ."

ते तुरट लागलं. जीभ आखडून गेली. मग मी माझ्या बाटलीतलं साधं पाणी प्यायले तर ते चक्क गोड लागलं. लक्षात राहिलं, एवढंच. कारण तोवर ह्यांचा पाय परातीत गेला होता आणि पाणी काळं झालं होतं, आणि आमचे हे, माझ्या साबुदाण्याला हसणारे, तोंडाचा आ करून त्या पाण्याकडे पाहत होते.

"किती वर्षांचा दोष आहे?" महाराजांनी विचारलं.

"तीस वर्षं रिफायनरीत होतो."

"बरोबर! तेलातून उतरलाय." महाराजांनी मान डोलावली. "ही चरणपोटली. रोज पाण्यात भिजवायची, अंगठ्याला बांधायची, वरून प्लास्टिक. एकवीस दिवस सोडायची नाही. आणि ह्या साखरेच्या गोळ्या बंद. गोळ्यांची उष्णता खाली उतरते आणि नख जाळते."

"अहो, गोळ्या कशा बंद करायच्या?" मी हळूच म्हटलं.

"पद्मा," हे म्हणाले, "तू सोळा सोमवार करतेस तेव्हा मी मध्ये बोलतो का?"

बोलतात. दर सोमवारी बोलतात. पण तिथे चारशे पायांसमोर मी काय सांगणार?

पुढचे वीस दिवस आमच्या घरात ती पोटली नांदली. भिजवलेला पाल्याचा लगदा, वर फडकं, त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक. तिसऱ्या दिवसापासून वास यायला लागला. हे म्हणायचे, "दोष निघतोय, वास येणारच." बाराव्या दिवशी अंगठा लाल झाला. "रक्ताभिसरण वाढलंय." सोळाव्या दिवशी चप्पल घालवेना. "शेवटचा टप्पा आहे." जो माणूस आयुष्यभर मला कार्यकारणभाव शिकवत आला, त्याच्याकडे आता प्रत्येक कार्याला कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण महाराजांचं.

मी रोज गोळी ताटाशेजारी ठेवत होते. रोज ती तिथेच राहत होती. मी बाळकृष्णाला सांगत होते, "बाबा रे, तुझ्यावर ह्यांचा विश्वास नाही तो नाही, पण त्या मोजेवाल्यावर कसा बसला?"

विसाव्या दिवशी, शनिवारी, मला केस धुवायचे होते. आदल्या संध्याकाळी मी आवळकाठी भिजत घातली होती. रोजच्या स्टीलच्या पातेल्यात दही लावलेलं, म्हणून हाताशी होती ती लोखंडी कढई घेतली. सकाळी झाकण काढलं तर कढईत काळी शाई. माझी मला लाज वाटली. आवळा लोखंडात ठेवू नये, काळा पडतो, हे सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात माझा अख्खा मोरावळा फुकट गेला तेव्हा शेजारणींना बोलावून दाखवलं होतं.

कढई ओतायला उचलली आणि हात थांबला. हा काळा रंग मी कुठेतरी पाहिला होता. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. तुरट. वर घोटभर पाणी प्यायले. गोड.

मी तिथेच ओट्याला टेकले. रोजची माळ त्या दिवशी अकराव्या मण्यावर थांबली ती दुपारपर्यंत.

मग एका वाटीत नवी आवळकाठी भिजवली, स्टीलच्या. तासाने पाणी पिवळसर झालं, चरणतीर्थासारखं. गच्चीवरचा गंजलेला तवा धुऊन त्याचं तांबूस पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं. चमचाभर त्यातलं ह्यात ओतलं. आधी राखाडी, मग काळं. मी काही पुटपुटले नव्हते. पितरही कोणी हजर नव्हते.

"अहो, जरा इकडे या," मी हाक मारली.

हे लंगडत आले. पाहिलं. क्षणभर डोळे लुकलुकले. मग म्हणाले, "परात पितळी होती, पद्मा. लोखंड कुठे होतं तिथे? माझ्या पायात काय खिळे आहेत? तुझा तवा वेगळा, माझा दोष वेगळा."

संध्याकाळी मी ऋचाला फोन करून बोलावून घेतलं. तिने पोटली सोडली आणि तिचा चेहरा बदलला. अंगठा सुजून टोमॅटोसारखा झाला होता, नखाच्या कडेने पू दिसत होता. तिने बोट टोचून साखर मोजली आणि तो आकडा मामाला न दाखवता मला दाखवला.

"मामा, उठा. आत्ता चला."

"उद्या एकवीस दिवस पूर्ण होतात. महाराज स्वतः पोटली सोडणार. सोमवारी येतो तुझ्याकडे."

"मामा, साखर असलेल्या माणसाचा पाय आहे हा. आत जखम झाली तर कळतसुद्धा नाही, इतक्या तिथल्या नसा बधिर होतात. असाच ठेवला तर अंगठा काढावा लागेल. कदाचित पुढचंही."

"घाबरवू नकोस. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी, काळं पाणी निघताना. तू मला काळं पाणी दाखव, मी तुझ्याकडे येतो."

ऋचा चिडून स्वयंपाकघरात आली. मी तिला वाट्या दाखवल्या. ती वाकून पाहत राहिली आणि हसूच लागली. "मामी! ही तर शाई. आवळा, हिरडा, डाळिंबाची साल, सगळ्यांत हा तुरटपणा असतो, आणि लोखंडाशी गाठ पडली की तो काळा होतो. पूर्वी दौतीतली शाई अशीच करायचे. त्या बोळ्यावर हिराकस असणार, म्हणजे लोखंडाचा क्षार. पाण्यात विरघळला की जवळजवळ दिसत नाही."

"म्हणजे पुसलेला कोणाचाही पाय काळं पाणी देणार?"

"कोणाचाही. टेबलाचासुद्धा."

मी देवघराकडे पाहिलं. आमचा बाळकृष्ण पितळेचा, रांगता, तळहातावर मावेल एवढा. एक गुडघा टेकलेला, एक पाय मागे. त्याच्या अंगठ्याला नख आहे की नाही तेसुद्धा नीट कळत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चिंच लावून घासला गेलाय.

"उद्या तू तुझा दवाखाना उघडून बस," मी ऋचाला म्हटलं. "रविवार असला तरी. मी मामाला घेऊन येते."

रात्री देवाला विचारलं नाही. सांगितलं. "उद्या तुला जरा तसदी आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही छाणीला गेलो. हंबीरराव पुढच्या रांगेत होतेच, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून. आमची पाळी आली. महाराजांनी ह्यांची पोटली सोडायला हात पुढे केला तशी मी पिशवीतून बाळकृष्ण काढला.

"महाराज, आधी याचं बघाल का?" मी विचारलं. माझा आवाज लहान, पण शेजारी माइक होता. सगळ्या शेडने तो ऐकला. "घरचा देव आहे. पायावर डाग पडलाय. माणसांना दोष लागतो, तसा याला लागला असेल का?"

महाराज सावध झाले. "भगवानला दोष नसतो, माताजी."

"मग पाणी काळं होणारच नाही. मला तेवढंच बघायचंय. मनाला समाधान."

लोकांत 'बघा, बघा' सुरू झालं. देवाला कोण नाही म्हणणार? महाराजांनी विश्रामकडे पाहिलं आणि भुवई हलवली. पण विश्रामचं लक्ष नव्हतं. तीनशे पाय पुसून त्याचा हात यंत्रासारखा झाला होता. समोर पाय आला की बोळा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने बाळकृष्ण उचलला, मागचा चिमुकला पाय बोळ्याने पुसला, परातीत तीर्थ ओतलं आणि देवाला त्यात ठेवून मोकळा झाला.

बाळकृष्णाच्या अंगठ्याकडून काळी रेघ निघाली. वळली. पसरली. बघता बघता देव शाईत रांगत होता.

"पितर ग..." विश्रामने सवयीने सुरुवात केली आणि जीभ चावली.

मागच्या रांगांतली माणसं उभी राहून बघायला लागली.

"महाराज," मी म्हटलं, "याला पितृदोष कोणाचा? नंदाकडचा, की वसुदेवाकडचा?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पण महाराज मुरलेले होते. "माताजी!" ते गरजले. "घरचा दोष मूर्तीत उतरतो. तुमचं घर किती दूषित आहे ते आज भगवानने दाखवलं! तुमच्या व्रतांत खोट आहे. बोला, कधी उपास मोडला?"

आणि काय सांगू, क्षणभर मी खरंच आठवायला लागले. मागच्या संकष्टीला चंद्र ढगात होता, अंदाजानेच जेवले होते. बघा! इतकी वर्षं देवाचं करूनही एका आरडाओरड्याने मी माझ्याच चुका मोजायला लागले. असंच होतं. हे लोक आपल्या भक्तीवर जगत नाहीत, भक्तीच्या तळाशी जी धास्ती असते तिच्यावर जगतात.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "झीरो चेक."

आमचे हे उभे होते. लंगड्या पायावर भार न देता, चौरंगाला धरून. चेहरा लालबुंद झालेला.

"काय झीरो?" महाराजांनी विचारलं.

"तीस वर्षं," हे लोकांकडे वळून म्हणाले, "तीस वर्षं मी रिफायनरीत मीटर तपासले. नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. मीटर काय दाखवतोय ते बघण्याआधी, काही नसताना तो काय दाखवतो ते बघ. काही नसतानाही काटा हलत असेल तर मीटर फेकून दे. आणि इथे मी गाढवासारखा काटा बघून हात जोडले. विश्राम! नवीन परात घे. तीर्थ ओत. बोळा नको. बोळा खाली ठेव."

"अहो, पण विधी..." विश्राम म्हणाला.

"ओत म्हणतोय ना!"

विश्रामने ओतलं. ह्यांनी प्लास्टिक काढलं, पोटली सोडली, आणि तो सुजलेला, पू धरलेला, तीस वर्षांच्या दोषाचा अंगठा परातीत ठेवला. ऋचाने नंतर याबद्दलही त्यांना बोलून घेतलं, पण त्या वेळी मी अडवलं नाही.

सगळे माना उंचावून बघत होते. पाणी पिवळसर होतं. पिवळसरच राहिलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "कशूं थतूं नथी!" काही होतच नाही.

"देव काळा आणि मी स्वच्छ," हे म्हणाले. "वा रे दोष!"

मी विश्रामची बाटली उचलली आणि एक थेंब त्या परातीत टाकला. थेंब पडला तिथून शाई फुलली. "हे हिराकसचं पाणी," मी सांगितलं. "आणि तीर्थ आहे आवळ्याचं. ज्यांच्या घरी मोरावळा होतो त्या बायकांना मी काय सांगू? लोखंडाच्या कढईत आवळा टाकून बघा. दोष नाही, पितर नाहीत. काळी कढई."

पुढच्या रांगेतल्या चारपाच बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "अगं बाई, खरंच की," एक म्हणाली. "केसांना लावायला आम्ही तेच तर करतो." तिच्या आवाजात राग कमी आणि शरम जास्त होती. रोज हाताखालून जाणारी गोष्ट, पण माइक आणि कफनी मध्ये आली की ओळख पटत नाही.

आता हंबीरराव उठले. मिशा थरथरत होत्या. "महाराज," ते म्हणाले, "मोजे काढा."

"काय?"

"मोजे. तेज बघायचंय."

"सोसणार नाही तुम्हाला!"

"आमच्या आजोबांनी तोफा सोसल्या. काढा."

महाराजांनी पाय कफनीत ओढले. पण विश्राम, कोणाच्या बाजूने होता देव जाणे, खाली वाकला आणि सवयीप्रमाणे समोरच्या पायाचा मोजा सर्रकन उतरवून मोकळा झाला. महाराजांचा अंगठा दिसला. पिवळा. जाड. कडेने भुगा पडणारा. शेडमधल्या चारशे पायांत तो पहिल्या नंबरचा होता.

"बारा वर्षांचं तरी असेल," नातवाची इयत्ता सांगणाऱ्या बाई जाणकारपणे म्हणाल्या.

मग जो हशा पिकला त्याने पत्र्याचं छप्पर वाजलं. मारहाण झाली नाही. हसणाऱ्याचा हात उठत नाही, हे त्या दिवशी कळलं. महाराज एका पायात मोजा, एक पाय उघडा, असे मागच्या दाराने गेले. पुढच्या रविवारी शेडला कुलूप होतं. खोटं कशाला सांगू, त्या गडबडीतही दोन गृहस्थांनी चरणतीर्थाच्या बाटल्या खिशात घातल्याच. "थोडाफार गुण असेलच ना," एक म्हणाला. आवळा आहे, म्हणून मी जाऊ दिलं. केसांना लावला तर असेलही.

आम्ही तिथून थेट अकोट्याला गेलो. ऋचाने जखम साफ केली, औषधं सुरू केली, आणि साखरेची गोळी स्वतःच्या समोर गिळायला लावली. "आणखी आठवडा गेला असता," ती मला बाहेर येऊन म्हणाली, "तर मी तुम्हाला वेगळं काही सांगत असते." दहा दिवस मी रोज त्यांना घेऊन गेले. सूज उतरली. अंगठा वाचला. नख मात्र तसंच होतं, पिवळं.

तेव्हा तिने आम्हा दोघांना समोर बसवलं. "आता खरं काम. नखाच्या आत बुरशी आहे. मेलेलं नख पुन्हा जिवंत होत नाही. मुळाकडून नवीन वाढतं, तेही महिन्याला तांदळाच्या कणीएवढं. औषध लावायचं ते त्या नव्याला वाचवायला. म्हणून वर्ष. जादू नाही, सबुरी. आणि मामी, तुमचे पाय बघू."

माझे? मी ओढणार होते, पण तिने पाहिलंच. जोडव्यांखाली माझ्या बोटाचं नख कडेने पांढुरकं झालं होतं.

"घरात आल्यावर पाय धुता?"

"म्हणजे काय! धुतल्याशिवाय देवघरात पाऊल नाही कोणाचं."

"आणि पुसता?"

आमच्या घरात पाय पुसायचे नाहीत, अशी सासूबाईंची रीत. फडक्याचा विटाळ लागतो म्हणून. ओल्या पायांनी सरळ देवासमोर. तीस वर्षं मी ती पाळली आणि बुटातून आलेल्या ह्यांनाही पाळायला लावली. दारातलं एकच पायपुसणं, तेही कायम ओलं. रिफायनरीच्या बुटांनी जे सुरू केलं त्याला माझ्या सोवळ्याने पाणी घातलं होतं.

"बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की बुरशी राहायलाच येते," ऋचा म्हणाली. "मामी, पाय धुवा, पण पुसा. प्रत्येकाचं फडकं वेगळं, उन्हात वाळवलेलं. नखं कापायचं कटर वेगळं. जोडवी काढून खालची जागा कोरडी करा."

मी घरी आले, देवासमोर बसले आणि विचार केला. पाय पुसून आलेल्या माणसावर देव रागावल्याचं मी एकाही पोथीत वाचलेलं नाही. सासूबाईंची क्षमा मागितली आणि दारात दोन पंचे टांगले, एक निळा, एक पांढरा.

मग मी व्रत घेतलं. रोज दिवेलागणीला, दिवा लावून झाला की ह्यांचा पाय पाटावर. आधी पाहायचं, कुठे लाली आहे का, फोड आहे का, कारण त्यांना दुखलेलं कळेल याचा भरवसा नाही. मग बेचकी पुसायची, एकेक. मग औषध. मग गोळी, माझ्या डोळ्यांदेखत. हे चिडायचे, "पद्मा, अगं काही फरक दिसत नाही." मी म्हणायचे, "सोळा सोमवारांच्या पाचव्या सोमवारी मलाही दिसत नाही." ऋचाने नखावर कानशीने एक बारीक खूण करून दिली होती. दर संकष्टीला आम्ही ती खूण किती पुढे सरकली ते पाहायचो. तिसऱ्या संकष्टीला मुळाशी गुलाबी रंगाची कोर दिसली, बारीक, चतुर्थीच्या चंद्राहूनही बारीक. ह्यांनी चष्मा लावून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच पाय पाटावर ठेवायला लागले.

तेरा महिन्यांनी पुढच्या वैशाखात पिवळ्याचा शेवटचा तुकडा ह्यांनी आपल्या कटरने कापला. मी उद्यापन केलं. पुरण घातलं नाही, साखर आहे ना. हंबीरराव जेवायला होते. त्यांचंही नख ऋचाकडे अर्ध्यावर आलं होतं.

मला अजून कोणी विचारतं, "काकू, तुम्ही एवढ्या देवभोळ्या, मग त्या बुवाला कसं पकडलंत?" मी सांगते, मी देवाला मानते, देवभोळी नाही. तीर्थ मी आजही घेते; फक्त आधी विचारते, यात काय घातलंय? खरं तीर्थ असेल तर विचारल्याने बाटत नाही, आणि खोटं असेल तर विचारलंच पाहिजे. देवाने बुद्धी दिली ती काय देवघरात झाकून ठेवायला? आणि कोणी एका मिनिटात तुमचा दोष काढून दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच करा: ज्याला दोष नाही असं काहीतरी त्याच्या परातीत ठेवून बघा.

आमच्या बाळकृष्णाला मी त्याच दिवशी चिंचेने स्वच्छ घासलं. अंगठ्याच्या खाचेत मात्र एक काळा ठिपका राहिलाय. मी तो काढत नाही. रोज पूजा करताना दिसतो, आणि पूजा झाली की मी माझे पाय पुसते.